पाऊण सेकंदाचा काळोख

हसुरामकाका, परवा घणसोलीच्या नाक्यावर तुम्ही माझ्या मागून आलात आणि पुढे निघून गेलात.

दुपारची वेळ होती. मी रिक्षात होते. मागून ॲम्ब्युलन्स आली म्हणून रिक्षावाल्याने गाडी कडेला घेतली. समोरच्या बंद दुकानाच्या काचेत तिच्या टपावरचा दिवा दिसत होता. उजवीकडे चार वेळा, डावीकडे चार वेळा, पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे, आणि मग सगळं विझलं. मी मनात म्हटलं, आता. बरोबर तेव्हाच दिवा परत लागला. इतका वेळ, इतका मोजून, दुसरं कोणी ठेवत नाही. तुमचं तेरावं होऊन चार दिवस झाले होते.

रिक्षावाला म्हणाला, "दिव्याचा कॉन्टॅक्ट लूज झालाय वाटतं."

पूर्वी मीही हेच म्हणत होते. आणि तोंडी नाही, लेखी म्हणत होते.

तुमच्याकडे मी पहिल्यांदा आले ती चूक काढायलाच. आमच्या रबाळ्याच्या कंपनीत साध्या व्हॅनच्या ॲम्ब्युलन्स होतात, आणि मी तिथे तपासणीला नवीन लागले होते. लहान ट्रस्टच्या गाड्यांना नवे लाइटबार, म्हणजे टपावरच्या दिव्यांच्या लांब पट्ट्या, परवडत नाहीत. त्यांच्यासाठी तुम्ही मोडीत निघालेल्या ॲम्ब्युलन्सचे आणि आगीच्या बंबांचे जुने लाइटबार उघडून, धुऊन, सगळी वायरिंग नव्याने करून द्यायचात. गावठाणातल्या तुमच्या तीन मजली घराच्या तळमजल्यावर गाळा. वरच्या खोल्या भाडेकरूंनी भरलेल्या, म्हणजे पोटासाठी तुम्हाला हे करायची गरज नव्हती. नाक्यावरचे तुमचे सोबती ओरडायचे, "हसुराम सकालपासून बारमदी बसलाय!" तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "बसलोय तर! माझ्या बारखाली झोपलेला मानूस उठून घरी जातो. तुमच्या बारमदला जातो काय?"

मी दहिवडीची. वडील तुर्भ्याच्या मार्केटात गोणी वाहायचे, आई गावाकडे. घरात पदवी घेतलेली मी पहिली, त्यामुळे माझा पदवीवर जरा जास्तच विश्वास होता. त्या दिवशी तुमच्या टेबलावर एक बार उघडा पडला होता. तार सकाळीच काढून ठेवलेली. मी नीट बघायला म्हणून आत बोट घातलं आणि तुम्ही पकडीच्या मुठीने माझ्या मनगटावर फटका मारलात.

"मेला नाय तो अजून!"

मला राग आला. अनोळखी माणसाने मारलं म्हणून आला, आणि इंजिनियरला मारलं म्हणून जास्त आला. तुम्ही शंभर वॅटचा एक जुना पिवळा बल्ब घेतलात, त्याच्या तारांची दोन टोकं आत टेकवलीत, आणि तो बल्ब भक्कन पेटून विझला. सकाळपासून बंद असलेल्या, कुठेही न जोडलेल्या दिव्यात तेवढा जीव होता. तो माझ्या बोटाची वाट बघत बसला होता.

"बंद हाय म्हंजे मेला नाय, इंजिनेरबाय. आदी उतरवाचा, मंग हात लावाचा."

आमच्या कॉलेजात वीज साठवून ठेवणाऱ्या कपॅसिटरवर हमखास प्रश्न यायचा आणि मला त्यात पैकीच्या पैकी गुण होते. पण त्याला हात लावण्याआधी काय करायचं, हे मला तुमच्या फटक्याने कळलं. तो फटका नसता तर आज हे लिहायला मी नसते, असं म्हटलं तर तुम्ही म्हणाल, "येवडा काय नाय, चार दिवस हात दुखला असता." पण तुम्हाला माहीत होतं. मलाही आता माहीत आहे.

त्यानंतर मी चूक काढायला कमी आणि बघायला जास्त येऊ लागले. पिवळं पडलेलं प्लास्टिकचं झाकण पाण्याखाली धरून बारीक कागदाने तासभर घासायचं. आतल्या कोपऱ्यातली मुंग्यांची माती ब्रशने काढायची. टपाला पकडणाऱ्या पायांत दसऱ्याच्या झेंडूच्या हारांचे दोरे अडकलेले असत, वर्षावर्षाचे एकावर एक. ते तुम्ही कापायचा नाहीत, गाठी सोडवायचात. "कुनीतरी बांधलाय तो," एवढंच म्हणायचात.

पण हे सगळं नंतर. बार उघडण्याआधी तुमची एक रीत होती, आणि तिची मला शेवटपर्यंत भीती वाटली. तुम्ही भर दुपारी शटर खाली ओढायचात. गाळ्यात काळोख व्हायचा, फक्त खालच्या फटीतून उन्हाची एक रेघ. चपला काढून उभे राहायचात आणि तो जुना बार, होता तसा, एकदा चालवायचात. एक शब्द बोलायचा नाहीत. दिवा लखलखला की वर फिरणारा पंखा जागच्या जागी थांबलेला दिसायचा, तीन पाती वेगळी मोजता यावीत असा. हवेतली धूळ टांगून ठेवल्यासारखी. तुम्ही मान वळवत असलात तर ती वळताना दिसायची नाही. एका लखलखाटात इकडे, दुसऱ्यात तिकडे, आणि मधला माणूस गायब.

"हे कशासाठी, काका?" मी विचारलं होतं.

"उतरू दे त्यांना."

"कोणाला?"

"ज्यांचा उतराचा राहिलाय."

माझं तोंड बघून तुम्ही मोठ्याने हसलात. "अगो, दिव्याची कनची नली मेलीय ती कलते ना आदीच! घाबरली इंजिनेरबाय!" यातलं खरं कारण कोणतं, हे मी तुम्हाला पुन्हा विचारलं नाही. शटर वर गेल्यावर मात्र तुम्ही दारातून थोडं बाजूला सरकून उभे राहायचात, कोणाला तरी जायला वाट द्यावी तसे. ते मी दरवेळी पाहिलं.

आता आपल्या भांडणाकडे येते.

तुम्ही प्रत्येक बारमध्ये स्वतः बनवलेली सर्किटची एक लहान पाटी बसवायचात. दिवा कसा लुकलुकायचा ते ती ठरवायची. तिच्यावर चार बारीक खटके. चौथा खटका वर असला की दर फेरीनंतर सगळा बार पाऊण सेकंद विझायचा. मी तो पहिल्यांदा आमच्या तपासणीच्या टेबलावर पाहिला, ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात, हातात घड्याळ घेऊन. आणि कागदावर लिहिलं, "फेरीत खंड पडतो. दोष. दुरुस्तीसाठी परत."

बार परत आल्यावर तुम्ही वाद घातला नाहीत. माझ्यासमोरच नखाने चौथा खटका खाली केलात. म्हणालात, "तुझी सही, तुझा दिवा." तो बार अखंड लुकलुकत एका ट्रस्टच्या गाडीवर गेला. तुमच्या हातून काळोखाशिवाय बाहेर पडलेला तो एकच.

पुढचा बार आला, तर त्यात पुन्हा काळोख. मी तणतणत गाळ्यावर आले. तेव्हा तुम्ही मला दामाबद्दल सांगितलंत.

दामा तुमचा चुलतभाऊ. बऱ्याच वर्षांपूर्वी खाडीपुलाच्या अलीकडे एक गाडी बंद पडली होती, तिच्या टपावरचा दिवा लागत नव्हता म्हणून पहाटे तुम्हा दोघांना बोलावलं होतं. उजाडत आलं होतं. तुम्ही टपावर, दामा गाडीच्या मागे, तुम्हाला वर उजेड दाखवत. दिवा लागला. तुम्ही खाली बघून म्हणालात, "लागला रं!" आणि दामा हसला. मागून टेम्पो आला. रस्ता रिकामा, तीन गाड्या जातील एवढी जागा, पण टेम्पो सरळ दिव्यावर आला. ड्रायव्हर प्यायलेला नव्हता, पेंगतही नव्हता. तो रस्त्यात बसून रडत सांगत होता की मला माणूस दिसलाच नाही, मला फक्त दिवा दिसत होता, मी दिव्याकडे बघत होतो.

"मानूस जिथं बगतो ना बाय, गाडी तिथंच नेतो. दिवा त्याला धरून ठेवतो. म्हनून मी मदी सोडतो त्याला. तेवड्या कालोखात त्याचा डोला सुटतो. बाजूला कोन हुबा हाय ता दिसतो."

मी तेव्हा काय म्हणाले? तुम्ही विसरला असाल अशी मी फार आशा केली. मी म्हणाले, "काका, एका घटनेवरून नियम बनत नाही."

तुम्ही पकड उचललीत. "बरोबर हाय," म्हणालात, आणि कामाला लागलात.

ते वाक्य चुकीचं नव्हतं. म्हणूनच ते मला परत घेता आलं नाही. नियमात जागा नव्हती, पदवी मला नवीन होती, आणि भावाला डोळ्यांसमोर गमावलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते मला येत नव्हतं. पुढच्या बारपासून मी एवढंच केलं, की शेऱ्याचा रकाना मोकळा सोडून सही केली. दोष लिहिला नाही. काळोख आहे असंही लिहिलं नाही. बघितलंच नाही, असं दाखवलं.

एकदा तुम्ही विचारलंत, "हल्ली बार परत येत नाय तुज्याकडून?"

"नाही येत."

"का गो?"

"चालतंय," मी म्हटलं.

तुम्ही थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिलात. अजून काहीतरी येईल म्हणून तुम्ही थांबला होतात, हे मला तेव्हाच कळत होतं. मी पाण्याची बाटली उघडली आणि विषय बदलला.

मग तो सोमवार. दुपारी टेबलापाशीच तुमच्या छातीत कळ आली. मी कंपनीत होते. मला संध्याकाळी कळलं, तोवर तुम्हाला घरी आणलं होतं. मी आले, नमस्कार केला आणि रडले नाही. रडायचा हक्क घरच्यांचा, असं वाटलं.

तेराव्याला पंगत उठल्यावर काकींनी मला जिन्यात गाठलं.

"बाय, तुला एक सांगाचा राहिला. गाडी आली ना, तवा ते शुद्धीवर व्हते. उचलून नेताना वर बगितला त्यांनी, दिव्याकडं. मना म्हनले, 'हा बायचा.' मी म्हनला, कनच्या बायचा? तर म्हनले, 'थांबत नाय ना.'"

मी विचारलं, "रागाने म्हणाले का हो?"

"मना काय म्हाईत? मी त्यांचा हात धरून बसलेली." काकी पदराला हात पुसत होत्या, सारख्या पुसत होत्या. "त्याच्यानंतर काय बोललेच नाय. ऐरोलीच्या अलीकडंच सगला झाला."

काका, या शहरात तुमच्या हातचे इतके बार फिरतात. तुम्हाला न्यायला नेमका तोच आला. मी हे कोणाला सांगितलं तर म्हणतील योगायोग, ट्रस्ट जवळचाच आहे, गाडी त्याच भागात असते. खरं आहे. मीही दुसऱ्याला हेच सांगितलं असतं. पण त्या रात्रीपासून डोळे मिटले की मला तो दिवा दिसतो, न थांबणारा, आणि त्याच्याकडे वर बघणारे तुम्ही. तुम्ही शेवटचं बघितलं ते माझ्या सहीने केलेलं. ते रागाने बघितलंत, की ओळखीचं माणूस भेटल्यासारखं?

त्याचं उत्तर मला मिळणार नाही. पण बार तरी परत मागवता येत होता.

मी ट्रस्टच्या ड्रायव्हरला फोन केला. तो वैतागला. "मॅडम, एवढा भारी चालतोय, एकदा पण अटकला नाय. कशाला खोलता? चालू गाडीला हात लावू नये."

"दोन तासांचं काम आहे."

"बिघडलाय काय त्यात?"

"माझी चूक राहिलीय," मी म्हटलं. तो काल अकराला गाडी घेऊन आला, आम्ही दोघांनी मिळून बार खाली उतरवला, आणि तो जेवायला निघून गेला.

काकींनी किल्ली दिली. गाळा होता तसाच होता. तुमचं स्टूल टेबलापासून थोडं मागे, कोणीतरी घाईने उठल्यासारखं. मी पंखा लावला आणि बार बॅटरीला जोडला. मग उघडण्याआधी थांबले. तुमच्या रीतीवर माझा विश्वास नव्हता, आजही आहे असं म्हणवत नाही. पण मी शटर ओढलं. चपला काढल्या. फरशी इतकी गार होती की भर दुपार आहे हे खरं वाटेना.

बटण दाबलं.

पंखा थांबला. धूळ थांबली. उजवीकडून लाल, डावीकडून निळा, न थांबता. भिंतीवरची तुमची पकड, दोऱ्यांचा डबा, मागे सरकलेलं स्टूल, सगळं प्रत्येक लखलखाटात एकेकदा नव्याने ठेवल्यासारखं. मी ठरवून स्टुलाकडे बघत नव्हते, आणि तरी नजर तिथेच जात होती. तुम्ही म्हणाला होतात तसंच. दिवा धरून ठेवत होता. दार कुठे आहे, टेबलाची कड कुठे आहे, मला काहीच कळत नव्हतं. मी दोन पावलं मागे यायला गेले आणि नेमकी त्या बारवरच जाऊन आपटले. मागे जाते आहे असं मला वाटत होतं, काका. मी पुढे गेले होते.

किती वेळ चालवला माहीत नाही. वर घर शांत होतं. मग बंद केला, शटर उघडलं, आणि दारातून बाजूला सरकून उभी राहिले. तुम्ही राहायचात तेवढाच वेळ. उन्हात एक कुत्रं झोपलेलं होतं. त्याने डोकं उचलून दाराकडे पाहिलं, नजर हळूहळू रस्त्याच्या टोकापर्यंत नेली, आणि पुन्हा झोपलं.

मग मी बल्ब घेऊन आतला भार उतरवला, झाकण काढलं आणि पाटी शोधली. तिच्यावर तुमच्या नखाची बारीक खूण होती, चौथ्या खटक्याच्या शेजारी. मी माझ्या नखाने खटका वर केला. एवढंच काम. दोन तास मी उगाच मागून घेतले होते.

झाकण लावलं, शटर पुन्हा ओढलं, बटण दाबलं. चार, चार, चार, चार. आणि काळोख.

त्या पाऊण सेकंदात मला सगळं दिसलं. फटीतली उन्हाची रेघ दिसली, दार कुठे आहे ते कळलं, माझा श्वास ऐकू आला. डोळ्यांत लखलखाटाची खूण उरलेली होती आणि तिच्यात स्टुलाच्या जागी काहीतरी उंच होतं. दिवा परत लागला तेव्हा तिथे स्टूलच होतं.

दुसरा काळोख गेला. तिसरा चालू असताना वरून, जिन्याच्या तोंडाशी, काकींचा आवाज आला. अगदी रोजचा, कंटाळलेला आवाज.

"अवो, जेवान वाढू का?"

उत्तर द्यायला दुसरं कोणी नव्हतं. काळोख संपला, दिवा लागला, पुन्हा काळोख आला. काकींची पावलं एकेक पायरी खाली आली. त्या आतल्या दारात उभ्या राहिल्या. मला बघून त्यांनी उंबऱ्याचा आधार घेतला.

"तू हायस व्हय."

"सॉरी काकी. दिवा लावणार हे मी सांगायला हवं होतं."

"नाय गो. माजा मनच चुकला." त्या शेवटच्या पायरीवर बसल्या. "मगाशी दिवा लागला तवा मना काय वाटला नाय. म्हनला तू करत आसशील काय तरी. पन हा थांबून लागाला लागला ना, का मी पातेला उतरवला. रोजचाच हाय तो. हे शेवटाला करायचे. जिन्याच्या भिंतीवर उजेड थांबला का समजाचा, काम झाला, आता हाक मारली तर येतीन."

मी बंद करायला हात पुढे केला.

"ऱ्हाऊ दे चालू," काकी म्हणाल्या.

आम्ही दोघी बसलो. मी पर्समधून तपासणीचा कागद काढला. बार बदलला की नवा कागद करावा लागतो, आणि तो आमच्या साहेबांच्या टेबलावर जातो. ते विचारतील. खंड पडणारा दिवा पास कसा केला, कोणत्या नियमाने, आणि आधीचे सगळे तपासताना डोळे कुठे होते? त्यांचं विचारणं योग्यच असेल आणि माझ्याकडे दाखवायला नियम नसेल. दामाची गोष्ट सांगावी लागेल, तुमची सांगावी लागेल, आणि मी रकाना मोकळा सोडत होते हेही सांगावं लागेल. कदाचित ही नोकरी राहणार नाही. वडिलांना ते कसं सांगायचं हे मला अजून सुचलेलं नाही.

कागद गुडघ्यावर ठेवून, दिवा लागेल तेवढ्या उजेडात, मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं. मग ते हळूच वाचून पाहिलं. "पाऊण सेकंदाचा काळोख मुद्दाम ठेवला आहे. तो दोष नाही. तपासून, पटल्यावर सही करत आहे."

"कोनाला सांगतंस?" काकींनी विचारलं.

"काकांना."

काकी स्टुलाकडे बघत होत्या. दिवा विझला, आणि त्या काळोखातून त्या म्हणाल्या, "मंग जोरान सांग. हल्ली त्यांना कमी आयकू येत व्हता."

मी उभी राहिले आणि पहिल्या शब्दापासून, मोठ्याने, पुन्हा वाचलं.